शंका-समाधान : इन्सुलिनचा आकार आणि जेवणाआधीचा अर्धा तास

प्रश्न : माझ्या आईला पूर्वी जेवणाच्या अर्धा तास आधी इन्सुलिन टोचून घ्यावे लागे. आता डॉक्टरांनी बदलून दिलेले इन्सुलिन ती ताटावर बसतानाच घेते. हे इन्सुलिन ‘रेणूच्या रचनेत थोडा बदल करून’ बनवले आहे, असे आम्हांला सांगण्यात आले. सूक्ष्मदर्शकातूनही न दिसणाऱ्या रेणूची रचना शास्त्रज्ञांना कळली कशी आणि तिचा या अर्ध्या तासाशी संबंध काय?
(एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आपल्या प्रश्नाचे दोन्ही भाग जस्त या धातूपाशी येऊन मिळतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू. टोरांटोत १९२१ साली इन्सुलिन हाती लागले आणि १९२६ मध्ये अमेरिकेत जॉन एबल यांनी त्याचे स्फटिकही मिळवले. परंतु हे स्फटिक कधी तयार होत, कधी होत नसत. द्रावणात जस्त असेल तर ते हमखास तयार होतात, हे डी. ए. स्कॉट यांनी १९३४ मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये डोरोथी क्रोफूट, म्हणजे पुढे डोरोथी हॉजकिन म्हणून प्रसिद्ध झालेल्या संशोधिका, यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचे पहिले क्ष-किरण छायाचित्र घेतले.

स्फटिक लागतो याचे कारण असे की, दृश्य प्रकाशाची तरंगलांबी चार ते सात हजार अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) असते, तर रेणूतील शेजारच्या दोन अणूंमधले अंतर साधारण दीड अँगस्ट्रॉम. तांब्यापासून मिळणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबीही १.५४ अँगस्ट्रॉम असल्यामुळे ते या कामाला योग्य ठरतात. मात्र एकट्या रेणूवरून विखुरणारे किरण इतके क्षीण असतात की त्यांची नोंदच होत नाही. स्फटिकात असंख्य रेणू एकाच शिस्तीत रचलेले असतात, त्यामुळे ठरावीक दिशांना जाणारे किरण एकमेकांना बळ देतात आणि फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. छायाचित्र म्हणतात ते एवढेच. त्यात रेणू दिसत नाही.

खरी अडचण पुढे येते. प्रत्येक ठिपक्याच्या गडदपणावरून लहर किती जोरकस होती हे समजते, पण तिचे शिखर इतर लहरींच्या मानाने किती मागेपुढे होते, म्हणजे तिची कला, ही माहिती फिल्मवर उतरतच नाही. ढोल-ताशा पथकातल्या प्रत्येक ढोलाचा आवाज किती मोठा एवढेच कोणी लिहून ठेवले आणि कोणाचा ठोका कोणाच्या आधी पडला हे गाळले, तर त्या नोंदीवरून ताल पुन्हा बांधता येणार नाही. तसेच हे आहे. मॅक्स पेरुट्झ यांनी १९५३ मध्ये हिमोग्लोबिनच्या बाबतीत यावर उपाय दाखवला. प्रथिनात जड अणू बसवायचा, स्फटिकाची रचना मात्र बिघडू द्यायची नाही आणि ठिपक्यांच्या गडदपणात पडणाऱ्या फरकावरून कलेचे गणित सोडवायचे. इन्सुलिन हेही प्रथिनच; त्यात जस्त काढून घेऊन शिशासारखे जड अणू आत आणता आले. तरीही निष्कर्ष हाती यायला १९६९ साल उजाडले. पहिल्या छायाचित्रापासून ही ३४ वर्षे होतात. मधल्या काळात हॉजकिन यांना पेनिसिलिन व बी-१२ जीवनसत्त्व यांच्या रचनांसाठी १९६४ चे नोबेल मिळूनही गेले होते!

फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनमधील अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिनाची साखळी ज्या घटकांनी बनते त्यांचा, क्रम आधीच शोधून ठेवला होता, याचा येथे मोठा उपयोग झाला. २१ आम्लांची ‘अ’ साखळी, ३० आम्लांची ‘ब’ साखळी आणि गंधकाचे तीन बंध, हे सर्व ठाऊक होते; त्यामुळे रेणूत अणू कुठे आहेत हे दाखवणारा १९६९ चा नकाशा २.८ अँगस्ट्रॉम इतक्याच बारकाव्याचा असूनही त्यात साखळ्या कशा वळल्या आहेत ते ओळखता आले. त्यातून दिसले ते असे, की स्फटिकात इन्सुलिनचे रेणू आधी दोन-दोन असे जुळतात आणि अशा तीन जोड्या जस्ताच्या दोन अणूंभोवती गोळा होऊन सहा रेणूंचा गट बनतो. जस्ताचा प्रत्येक अणू ‘ब’ साखळीतील दहाव्या स्थानावरच्या तीन हिस्टिडिनांनी (हे एक अमिनो आम्ल) धरलेला असतो.

आईंच्या जुन्या इन्सुलिनचा अर्धा तास या गटामुळे जात असे. स्वादुपिंडात इन्सुलिन याच रूपात साठवले जाते आणि बाटलीतही ते मुख्यतः याच रूपात असते. बुचापाशी जो औषधी वास येतो तो क्रेसॉल किंवा फिनॉल या परिरक्षकांचा, आणि ही द्रव्येसुद्धा हा गट टिकवायला हातभार लावतात. शरीरात काम करतो तो मात्र सुटा रेणू. त्वचेखाली टोचल्यावर द्रावण विरळ होते, गट फुटून जोड्या होतात, जोड्या सुटतात आणि मग इन्सुलिन भराभर रक्तात शिरते. जोडी जुळते ती ‘ब’ साखळीच्या शेपटाकडील भागाने, हे रचनेवरून कळल्यामुळे नेमका तोच भाग सैल करण्याचा विचार करता आला. लिस्प्रो या १९९६ मध्ये बाजारात आलेल्या इन्सुलिनमध्ये २८ व्या स्थानावरचे प्रोलिन आणि २९ व्या स्थानावरचे लायसिन यांची फक्त अदलाबदल केलेली आहे. अ‍ॅस्पार्ट या अशाच दुसऱ्या इन्सुलिनमध्ये २८ व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल आहे. एवढ्याने पकड ढिली होते आणि टोचल्यावर रेणू लवकर सुटे होतात. हे वाचून कोणीही आपल्या डोसाची वेळ परस्पर बदलू नये. कोणत्या बाटलीत कोणते इन्सुलिन आहे यावर ती वेळ ठरते आणि ती डॉक्टरांनीच सांगायची असते.

प्रश्न : असे संशोधन आपल्याकडे होते का? मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.
(एक विद्यार्थिनी, खारघर)

उत्तर : आपल्या गावातच होते. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेत कर्करोगाशी संबंधित प्रथिनांच्या रचनांवर क्ष-किरण स्फटिकशास्त्राच्या साहाय्याने काम झाले आहे. अधिक प्रखर क्ष-किरणांसाठी इंदूरच्या ‘इंडस-२’ या सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन वर्तुळात वेगाने फिरवून क्ष-किरण मिळवणाऱ्या यंत्रावर) प्रथिनांच्या स्फटिकांसाठी वेगळी सोय आहे. हॉजकिन यांच्या १९६९ च्या चमूत एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञ होते आणि परतल्यावर त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिनांच्या स्फटिकशास्त्राचा पाया घातला. या वाटेने जायचे असेल तर जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र हा मुख्य विषय असला तरी चालेल, पण फूरियर श्रेणीचा भाग मन लावून करावा, कारण ठिपक्यांपासून नकाशापर्यंतचे सगळे गणित तिच्यावरच चालते.