अंगणाचा खर्च घराच्या किमतीत परत येईल का?

प्रश्न: घरामागे मोठं अंगण मोकळंच पडलं आहे. तिथे सगळीकडे फरसबंदी, लाकडी मांडव, थोडी हिरवळ, बाहेर स्वयंपाकाचा ओटा आणि कारंज्याचा लहान हौद करायचा विचार आहे. खर्च घराच्या आजच्या किमतीच्या 8 टक्के. निम्मी रक्कम मुदत ठेव मोडून, निम्मी वैयक्तिक कर्जातून. 6 वर्षांनी घर विकायचं आहे. तेव्हा सगळं वसूल होईल, असं कंत्राटदार म्हणतो. करावं का?

उत्तर: वसुली झाली नाही तर कंत्राटदार काही भरपाई देणार नाही, तेव्हा त्याचं म्हणणं तूर्त बाजूला ठेवू.

वसूल व्हायचं म्हणजे किती? खर्च 100 धरा. ठेवीतले 50, 7 टक्के दराने 6 वर्षांत 75 झाले असते. कर्जाचे 50, 12 टक्क्यांनी 5 वर्षांत फेडताना हप्त्यांतून सुमारे 67 जातील. म्हणजे 142 हाती आले तर कुठे बरोबरी. हिरवळीची कापणी, पाणी, लाकडाला वरचेवर लागणारं तेल हे यात धरलेलंच नाही.

आता समोरच्या बाजूने पाहा. मूल्यांकन करणारा जमिनीचं क्षेत्र, बांधकाम, त्याचं वय आणि आसपास झालेले व्यवहार बघतो. मांडवाला तुम्हाला किती पडले, हे तो विचारतही नाही. मांडव असल्यामुळे गिऱ्हाईक किती जास्त देईल, एवढाच त्याचा प्रश्न. शिवाय त्या दिवशी तो मांडव नवा नसेल, 6 वर्षांचा असेल. हौसेला मोल नसतं म्हणतात ना, ते घर विकताना शब्दशः खरं ठरतं. (दरम्यान जमिनीचा भाव वाढला तर त्याचं श्रेय तुम्ही मांडवाला द्याल, ही माझी भीती आहे. बहुतेक जण देतात.)

हौद मी सरळ काढून टाकेन. लहान मुलं असलेल्या गिऱ्हाइकाला तो धोका वाटतो, बाकीच्यांना घासायचं काम. बाहेरचा ओटाही नको. पक्कं छत घालणार असाल तर आधी परवानगीचं पाहा. विनापरवाना बांधकाम निघालं की गिऱ्हाइकाचं कर्ज अडकू शकतं.

खरा पैसा आहे तो तुमच्या यादीत नसलेल्या गोष्टीत: उतार. पावसाचं पाणी भिंतीकडे येत असेल तर ते पायाशी साचतं आणि भिंतीला ओल चढते. ओलीचा डाग दिसला की गिऱ्हाईक दुरुस्तीच्या खर्चाहून जास्त भाव पाडतं, कारण आत आणखी काय दडलंय हे त्याला कळत नसतं. सगळं अंगण फरसबंद केलंत तर पाणी मुरायला जागाच उरणार नाही आणि हे दुखणं वाढेल. म्हणून मागच्या दारालगत चार खुर्च्या मावतील एवढीच फरशी घाला, आणि तिला घरापासून लांब, 2 मीटरला 4 सेंटीमीटर असा उतार द्या. कुंपण, फाटक, दिवे ठाकठीक करा. एवढं तुमच्या बेताच्या बऱ्याच कमी खर्चात व्हावं. तेवढीच ठेव मोडा, कर्ज काढू नका.

मांडवावर मन अडलंच असेल तर विक्रीचा विषय सोडा. त्याचा खर्च 72 महिन्यांनी भागा आणि तेवढं मासिक भाडं देऊन तो घेतला असता का, हे घरच्यांना विचारा. उत्तर हो असेल तर जरूर बांधा, फक्त साठलेल्या पैशांतून.

झाडं मात्र लगेच लावा. या सगळ्या यादीत 6 वर्षांनी आजच्याहून चांगली दिसणारी तेवढी एकच गोष्ट आहे. मोठी होणारी झाडं भिंतीपासून आणि सांडपाण्याच्या नळांपासून लांब ठेवा.