आधी एसएमपीएस विचारा

प्रश्न : ताई, लेक पणजीला आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रेव्हिट हे इमारतींचे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर उघडलं की तिचा लॅपटॉप तव्यासारखा तापतो. मॉनिटर घरात आहे, बाकीसाठी ९०,००० रुपये बाजूला काढलेत. दीर म्हणतात, नावाजलेल्या कंपनीचा तयार कॉम्प्युटर घ्या, मागाहून कटकट नको. लेक म्हणते, सुटे भाग आणून मीच जोडते. घर जुनं, चिऱ्यांचं. पावसात दिवसातून तीन-चार वेळा वीज जाते. एवढ्या पैशांचे भाग तिच्या हातात द्यायला जीव धजत नाही. काय करू?
— एक शिक्षिका, सांखळी

उत्तर : लेकीला जोडू द्या. मात्र भाग आणायच्या आधी वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत भिंतीवर सॉकेट तीन भोकांचा दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, त्या याच्याच. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावला तर दोन-तीन व्होल्टच्या वर काटा जाऊ नये. गेल्या पावसात एका गिऱ्हाइकाच्या घरी मला ४० दिसले. त्या घरात ब्रँडेड ठेवा नाहीतर असेंबल केलेला, दोन्हींचे हाल सारखेच.

आता मी असेंबलच्या बाजूने का, ते सांगते. मी फोंड्यात २२ वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करते. २०१५ साली दुकानाच्या हिशेबासाठी मी स्वतः एका मोठ्या कंपनीचा तयार डेस्कटॉप घेतला होता. कॅबिनेट अरुंद, टेबलावर छान दिसायचा. चार वर्षं एक तक्रार नाही. २०१९च्या जूनमध्ये लाइट गेली, आली, पुन्हा गेली, आणि एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीजपुरवठा करणारा डबा, जळून गेला. माझ्या दुकानात नवे सहा एसएमपीएस होते, त्यांतला एकही चालेना. नेहमीच्या मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात त्या पाटीला, २४ पिनांची जोडणी असते, याला सहा पिनांची वेगळीच. डब्याचं मापही वेगळं, त्यामुळे कॅबिनेटमध्ये दुसरा बसणारच नाही. मदरबोर्ड बदलावा म्हटलं तर स्क्रूंची भोकं जुळेनात. पणजी झाली, मडगाव झालं, मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ओळखीच्या माणसाला पाठवलं. कंपनीने ते मॉडेल बंद केलेलं. प्रोसेसर चांगला, रॅम चांगली, हार्ड डिस्क चांगली, आणि मशीन तीन आठवडे बंद. शेवटी कोणाचा तरी वापरलेला भाग मिळाला, तो चतुर्थीपर्यंत टिकला. पैशांपेक्षा मला राग आला तो याचा, की दुरुस्ती हाताशी असूनही करता येत नव्हती.

सगळ्याच तयार मशीन अशा नसतात. काहींत साधं एटीएक्स मापच असतं. हे माप १९९५ पासून चालत आलंय आणि त्या मापाचा एसएमपीएस सांखळीत नाही तर म्हापशात संध्याकाळपर्यंत मिळतो. म्हणून दिरांनी सुचवलेलं मशीन बघायला गेलात तर प्रोसेसरच्या आधी विचारा : आत एसएमपीएस कुठल्या मापाचा, किती वॉटचा? बाजूचं झाकण उघडून दाखवायला सांगा. दुकानदार उघडायला तयार नसेल तर उठून या.

असेंबल करतानाही पैसे वाचवायला लोक नेमका तिथेच हात आखडतात. लेबलवर ४५० वॉट, हातात घेतलं तर पोकळ नारळासारखं हलकं. ते घेऊ नका. ५५० वॉटचा, ‘८० प्लस ब्रॉन्झ’ (वीज कमी वाया जाते याची खूण) लिहिलेला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा घ्या. चार-पाच हजार जातील, जाऊ द्या. सोबत यूपीएस हवाच. त्यावर ६०० व्हीए लिहिलेलं असतं म्हणजे ६०० वॉट नव्हे, साधारण ३६०च. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनला ते तोकडं पडतं, १००० व्हीएच्या खाली जाऊ नका. आणि ढग गडगडायला लागले की प्लगबरोबर मॉडेमकडून येणारी इंटरनेटची तारही काढायची. त्या तारेतून झटका येऊन गेलेले कितीतरी बोर्ड माझ्या टेबलावर आलेत.

तुमची भीती लेकीच्या हातांची आहे, तर भीतीची जागा खरं म्हणजे एकच. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या बोर्डावर प्रोसेसरच्या जागेचं झाकण उचललं की खाली १७०० सोनेरी काटे दिसतात, केसाएवढे. त्यांना बोट, बाही, रुमाल काही लागता कामा नये. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या एएम५ बोर्डातही तसेच. जुन्या एएम४मध्ये काटे प्रोसेसरच्याच पोटाला असतात. हात धुऊन, पुसून, पंख्याखाली पाच मिनिटं बसून मगच सुरुवात करायची, कारण आपल्याकडच्या घामट हवेत वस्तू बोटांतून निसटते. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण जागेवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. मग लिव्हर खाली घेताना बराच जोर लागतो, करकर आवाज येतो. तो यायचाच, तिथे घाबरून थांबू नये. एवढं पार पडलं की बाकीचं बहुतेक चुकीच्या बाजूने बसतच नाही.

सगळं जोडून पंखे फिरले आणि स्क्रीन काळीच राहिली, तर दोन गोष्टी बघायला सांगा. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली आठ पिनांची वायर राहिली का, आणि मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी बोर्डाला लावली का. मला येणाऱ्या घाबऱ्याघुबऱ्या फोनांतले बरेचसे इथेच मिटतात.

रॅमचं मात्र जपून. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, त्यामुळे जुन्या भावाने भरलेला तयार माल कधी कधी सुट्या भागांपेक्षा स्वस्त पडतो. बेरीज दोन्हींची करा. रेव्हिटला १६ जीबीच्या खाली भागत नाही. आज ३२ परवडत नसेल तर १६ घ्या, पण चार खाचांचा बोर्ड घेऊन आठ-आठच्या दोन पट्ट्या लावा. एका पट्टीपेक्षा दोन वेगाने चालतात, पुढे आणखी दोन घालता येतात. विंडोजच्या लायसन्सचे पैसे आधीच धरा. तयार मशीनमध्ये ते बहुधा किमतीत असतं, असेंबलच्या कोटेशनमध्ये नसतं. रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना फुकट मिळतात, तिथे चोरीचं काही घालू देऊ नका. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलावर हवा.

दिरांचं म्हणणं एका बाबतीत बरोबर आहे. सुट्या भागांच्या मशीनला एक धनी नसतो. काय बिघडलं ते आधी आपण शोधायचं, मग तो भाग त्याच्या कंपनीकडे न्यायचा. घरात शोधणारं कोणी नसेल तर मी तयारच घ्या म्हणाले असते. तुमच्या घरात ती आहे.

एक राहिलं. पावसात मशीन आठवडा-आठवडा बंद ठेवू नका. रोज तासभर चालू राहिलं की आतली ओल उष्णतेने सुकते. कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या पट्ट्या काढल्या तर भोकं बंद करा. डिचोलीच्या एका मशीनच्या एसएमपीएसमध्ये मुंग्यांनी अंडी घातली होती, पांढरी, साबुदाण्यासारखी. चालू केल्याबरोबर धूर.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत तीन कॉम्प्युटर आहेत, विंडोज १० वर. नवे असेंबल करून घ्यावे का? स्वस्त पडतील असं एक संचालक म्हणतात.
— व्यवस्थापक, शिरोडा

उत्तर : नको, तुम्ही ब्रँडेडच घ्या. तुमच्याकडे उघडून बघणारं कोणी नाही आणि काउंटर बंद ठेवता येत नाही. तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी घ्या, आणि माणूस शिरोड्याला येतो की तुम्ही मशीन पणजीला न्यायचं, हे पिनकोड सांगून लेखी घ्या. विंडोज १०चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपले, तेव्हा बदल टाळू नका. पण तिघांपैकी एखाद्यात इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर असेल तर त्यावर बहुधा विंडोज ११ फुकट चढेल, ते आधी बघून घ्या. बाकीचे भंगारात देण्यापूर्वी त्यांच्या हार्ड डिस्क काढून संस्थेच्या कपाटात कुलपात ठेवा. सभासदांची खाती त्यांच्यात आहेत.