मामा, त्या 9,000 डॉलरचं तिला सांगितलंत का?

पत्र एडिसनहून आलंय. लिहिणारे मूळचे सोलापूरचे, न्यू जर्सीत 22 वर्षं झालेली. नाव छापू नका म्हणतात, तर आपण त्यांना मामाच म्हणू. चारही पानं ते मामा म्हणूनच बोललेत. मी आता परत सोलापुरात असते हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. आज आमच्या भागात पाण्याचा दिवस, पाचव्या दिवशी आलेलं, त्यामुळे दर पानाला उठून एकेक पिंप भरलं. सूर जरा चढा लागला तर त्यातला थोडा दोष नळाचा.

मामा लिहितात : "माझी भाची, बहिणीची एकुलती एक, मागच्या वर्षीच्या ऑगस्टपासून मॅनहॅटनमधल्या एका खासगी विद्यापीठात शहर नियोजनात मास्टर्स करते. जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ पाच मुलींत राहते. आमच्यापासून तासाभराचा रस्ता, पण सव्वा वर्षात चारदा आली असेल. शनिवार-रविवार बोलावलं की असाइनमेंट. दिवाळीला आली ती अर्धा दिवस. हातावर भाजल्याचा डाग होता, तवा लागला म्हणाली. बारीक झालीय. बहीण रोज फोन करून रडते. पोरीला शहराची हवा लागली का हो?"

पुढे आणखी तीन प्रश्न आहेत. कॉम्प्युटर सोडून हा विषय घेतला ही चूक झाली का, स्वस्त विद्यापीठात बदली करून घ्यावी का, आणि तिला आपल्या तळघरात राहायला आणलं तर मामींना चालेल का. त्यांच्याकडे शेवटी येते. मला अडवलं ते तिसऱ्या पानावरच्या चार ओळींनी, ज्या मामांनी जाता जाता लिहून टाकल्यात : "दाजींनी 45 लाखांचं कर्ज काढलं, घर तारण आहे. डॉलर चढत गेला तसे पैसे कमी पडले, मग 16 पैकी 6 माग विकले. मीही 9,000 डॉलर दिले. तिला मागांचं आणि माझ्या पैशांचं काही माहीत नाही, अभ्यासावर परिणाम नको म्हणून आम्ही ठरवूनच सांगितलं नाही."

ठरवूनच! मोठी माणसं एकत्र बसून हे असलं ठरवतात.

आणि चौथ्या पानाच्या समासात, आठवलं म्हणून खरडलेलं : "परवा सहज म्हणाली, मामा, हल्ली घरी फोन केला की माग पूर्वीसारखे ऐकू येत नाहीत. मी म्हटलं, अगं मंदी आहे."

अहो मामा, ती सहज म्हणाली नाही. घरामागच्या शेडमध्ये जी मुलगी त्या खटखटीत अभ्यास करून मोठी झाली, तिला 16 माग आणि 10 माग यातला फरक फोनवरही कळतो. तिनं तुम्हाला दार उघडून दिलं होतं. तुम्ही ते लोटून दिलंत.

माझं हे तुणतुणं जुनं आहे हे मला माहीत आहे. आमची थोरली तर म्हणते, आई, तुझ्याकडे कुणी सर्दीवर औषध विचारलं तरी तू विचारशील की घरात कर्ज किती. असेना. आपल्याकडे पैशाचं मुलांना न सांगणं म्हणजे माया अशी समजूत आहे, आणि परदेशात शिकायला पाठवलेल्या पोरांच्या बाबतीत मी त्या मायेचे हाल बघितलेत. आमच्याच घरात.

1991 साल. माझ्या धाकट्या भावाला अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला. वडील गिरणीत हिशेबनीस होते, त्यांनी पै-पै जोडून पहिल्या सेमिस्टरची फी उभी केली होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरकारनं तीन दिवसांत दोनदा रुपयाचं अवमूल्यन केलं. ज्या पैशात फी बसत होती त्यात ती बसेना. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले आणि आईला म्हणाले, झालं काम. भाऊ ऑगस्टमध्ये गेला. आईचे हात मोकळे दिसत होते. मी विचारलं तर म्हणाली, "घट्ट व्हायला लागल्यात पाटल्या, काढून ठेवल्यात."

1998 मध्ये भावाचं लग्न ठरलं. सुनेच्या हातात घालायच्या म्हणून त्यानंच विचारलं, आई, पाटल्या कुठायत? तेव्हा सगळं बाहेर आलं. आम्हाला वाटलं तो रडेल, पाया पडेल. तो भडकला. तिकडं दुसऱ्या सेमिस्टरला त्याला असिस्टंटशिप, म्हणजे विद्यापीठातलंच पगारी काम, मिळाली होती, हातात थोडे पैसे आले होते, आणि मित्रांनी आग्रह केला म्हणून त्यानं 600 डॉलरला एक जुनी लाल गाडी घेतली होती. हिवाळ्यात ती सुरूच होत नसे. वडिलांच्या वहीत पाटल्यांचा आकडा होता, तो त्यानं त्या वेळच्या भावानं डॉलरमध्ये काढला. जवळजवळ 600. "मला माहीत असतं तर मी ती गाडी घेतली असती का?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. वडिलांकडे उत्तर नव्हतं. सात वर्षं दर रविवारी आई फोनवर त्याला "काय करलालास रे, जेवलास का?" विचारायची, आणि तो गाडीचं कौतुक सांगायचा.

तो काळ तरी बरा. सरकारी विद्यापीठ, लहान गाव, फी आवाक्यातली. तुमची भाची जिथं शिकते तिथलं गणित वेगळंच आहे, आणि ते 22 वर्षं न्यू जर्सीत राहूनही तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही, कारण तुम्ही नोकरीवर गेलात, शिकायला नाही. न्यूयॉर्कच्या खासगी विद्यापीठांत मास्टर्सच्या एका क्रेडिटला, म्हणजे विषय आणि फी मोजायच्या एककाला, 2,000 डॉलरच्या वर पडतात. तीन क्रेडिटचा एक विषय म्हणजे 6,000. सेमिस्टर साधारण 14 आठवड्यांचं, आठवड्याला एक वर्ग. करा भागाकार. एक वर्ग बुडाला की 400 डॉलर गेले, हे तिथल्या प्रत्येक भारतीय पोराला तोंडपाठ असतं. वर विद्यापीठाच्या आरोग्यविम्याची सक्ती. पीएचडीवाल्यांना बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर विद्यावेतन. मास्टर्सवाले मात्र पैसे मोजणारे, त्यांच्या जिवावर बाकीचं चालतं. आणि कॅम्पस म्हणाल तर चार रस्त्यांवर विखुरलेल्या इमारती. बरोबरचे निम्मे विद्यार्थी दिवसा नोकरी करतात म्हणून वर्ग संध्याकाळी. रात्री नऊला सुटला की जो तो आपापल्या ट्रेनच्या जिन्यात गडप. आपल्याकडे हॉस्टेलच्या पायरीवर बसून जे मन मोकळं होतं त्याला तिथं पायरीच नाही.

अशा ठिकाणी जी मुलगी आकडा मनातल्या मनात ताडते, ती काय करेल? मी सांगते मला काय दिसतं ते. शनिवार-रविवार कधीच मोकळी नाही. हातावर भाजल्याचा डाग. बारीक झालीय. मामा, ती कुठल्या तरी हॉटेलच्या स्वयंपाकघरात रोख पैशावर उभी राहत असावी. मी चुकत असेन तर देवाची कृपा, सिद्धेश्वराला नारळ देईन. पण न चुकता असंच घडलेलं मी किमान तीन घरांत पाहिलंय, आणि तिन्ही घरांत पोरांना "तू फक्त अभ्यास कर" असंच सांगितलेलं होतं.

यात धोका काय हे तिच्या आईबापांना कळणार नाही, तुम्हाला कळायला हवा. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला 20 तास काम चालतं. बाहेर, परवानगीशिवाय, एक तासही नाही. पकडलं गेलं तर 45 लाख आणि 6 माग दोन्ही पाण्यात. तसं काही निघालंच तर ओरडू नका, तिला आधी काम थांबवायला सांगा आणि विद्यापीठात कुणाकडे काही बोलण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. एडिसनमध्ये वकिलांना तोटा नाही. सरळ मार्गही आहेत. एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यावर अचानक मोठं आर्थिक संकट आलं, तर विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयामार्फत बाहेर काम करण्याची परवानगी मागता येते. ग्रंथालयात, पेपर तपासण्याच्या कामात तासावर पैसे मिळतात. 2025 मध्ये न्यूयॉर्क शहरातलं किमान वेतन ताशी 16.50 डॉलर होतं, म्हणजे 20 तासांचे 330. त्यात तिचा जेवणखर्च आणि ट्रेनचा पास सुटतो. पण यातलं काहीही मागायला आधी घरची परिस्थिती काय हे तिला माहीत तर हवं ना!

"कर्जाच्या कागदावर सह्या तिनंच केल्यात" असंही तुम्ही लिहिलंय. हो, सरकारी बँकेत शैक्षणिक कर्ज मुलांच्याच नावावर असतं आणि बाप सहकर्जदार. साडेसात लाखांच्या वर सहसा तारण लागतं, म्हणून खरेदीखत बँकेत गेलं. पण साहेब पानं उलटतात आणि पोरगी दाखवतील तिथं सही करते, त्याला माहीत असणं म्हणत नाहीत. 45 लाख पूर्ण उचलल्यावर, दर 10 टक्के धरला, तर महिन्याचं व्याज साडेसदतीस हजार होतं हे तिला कुणी सांगितलंय? शिक्षण संपल्यावर वर्षभरानं हप्ता सुरू होतो, तोवर व्याज साठत राहतं, हे?

1913 मध्ये बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी. करार लेखी होता. बावीस वर्षांच्या मुलाला रक्कम, मुदत आणि अट तिन्ही गोष्टी बोट चढायच्या आधी माहीत होत्या. तुमची भाची त्याच शहरात आहे आणि तिला मंदी आहे एवढंच माहीत आहे.

आमच्या थोरलीला बॉस्टनमध्ये असाच महागडा प्रवेश मिळाला तेव्हा मी भावाचं आठवून जेवणाच्या टेबलावर विजेच्या बिलाच्या पाठीमागं सगळं लिहिलं. आमची शिल्लक इतकी, तुझं कर्ज इतकं, आम्ही देऊ ते इतकं, त्यापुढं नाही. ती खोलीत जाऊन रडली. तासाभरानं बाहेर आली, पेन मागितलं आणि त्याच कागदावर तिनं चार ओळी खोडल्या. कॅम्पसवरची खोली खोडली, एक सेमिस्टर खोडलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. हो, ही गोष्ट मी या सदरात पूर्वी सांगितलीय. पुन्हा सांगेन.

तर तुम्ही करायचं ते असं. आधी बहिणीला आणि दाजींना फोन करा आणि तिला सांगायचं हे कबूल करून घ्या. दाजी नाही म्हणतील. पुरुषमाणसाला माग विकल्याचं मुलीपुढं सांगणं सोपं नाही, मी समजू शकते. पण तुमच्या 9,000 चं सांगायला तुम्हाला त्यांची परवानगी लागत नाही, तिथून सुरुवात करा. तिला घरी बोलावू नका. मधल्या वारी संध्याकाळी तुम्हीच जर्नल स्क्वेअरला जा, ती वर्गावरून येऊन ट्रेनमधून उतरते तिथं थांबा. आणि रिकाम्या हातानं जा. दर महिन्याला शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या पाठवतो हे तुम्ही दोनदा लिहिलंय. छान. पण डबा पुढं केला की बोलणं भाकरीवर जातं आणि भाकरीवरच संपतं. "तू एवढं करते आहेस हे आम्हाला दिसत नव्हतं, चूक आमची" असं म्हणा. हवा लागली वगैरे तोंडातून काढू नका.

बाकीचं उरकते. विषय चुकलेला नाही. शहर नियोजनाची गरज किती आहे हे मी आत्ताच चौथं पिंप भरून सांगते. फक्त विद्यापीठानं व्हिसासाठी दिलेल्या तिच्या आय-ट्वेंटी फॉर्मवर कोर्सचा जो कोड आहे तो स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या गटात, बसतो का एवढं तिला बघायला सांगा, कारण बसत असेल तर शिकून झाल्यावर कामासाठी 12 महिन्यांवर आणखी 24 मिळू शकतात. बदलीचं आता तिसऱ्या सेमिस्टरला काढू नका, मास्टर्सची क्रेडिट्स दुसरीकडे फारशी धरत नाहीत. मामींचं मामींना विचारा, मला काय विचारता.

तुमच्याकडची घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागं गेलीयत, म्हणजे आता साडेदहा तासांचा फरक. सोलापुरात रविवारी सकाळी नऊ वाजता तुमच्याकडे शनिवारचे रात्रीचे साडेदहा. त्या वेळी तुम्ही तिच्याजवळ असा आणि दाजींना फोन लावा. ते घरात दार लावून बोलतील. तसं नको म्हणावं. शेडमध्ये उभं राहून बोला म्हणावं, जे 10 उरलेत ते चालू ठेवून.