हे अक्षर कोणाचं, मावशी?

ताई, मी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वय ६२. मालक जाऊन सहा वर्षं झाली. घरी मुलगा, सून, नात आणि चार वर्षांचा नातू. दोन एकर धानाची शेती. मला बिडीची सवय आहे, चाळीस वर्षांची. लग्न होऊन आले तेव्हा घरी बिड्या वळायचं काम होतं. सासू वळता वळता ओढायची, मग मीही ओढू लागले. दिवसाला दहा-बारा होतात. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, गोठ्यामागे बसून ओढते, मुलाला आणि सुनेला माहीत नाही. सकाळी खोकला येतो, थोडं चाललं तरी दम लागतो. डॉक्टर दम्याची गोळी देतात, बीपीचीही सुरू आहे. यंदा आषाढात सोडली होती, अकरा दिवस. मग रोवणी आली. बांधावर बाया बसल्या, एकीनं बिडी पुढे केली, मी घेतली. नातू रात्री माझ्याजवळ झोपायचा, आता सून त्याला उचलून नेते. दवाखान्यात सांगायची लाज वाटते, तिथे पोट्टे बसलेले असतात. आशाताई आमच्या भावकीतली, तिला सांगितलं की गावभर होईल. "बाई, माह्या वयात आता सोडून का फायदा, असंबी वाटते. पन सोडाची आहे. कोनाले सांगू? लोक हासतीन." नाव छापू नका.

मावशी,

तुमचं पत्र उघडलं आणि आधी अक्षराकडेच लक्ष गेलं. गोल, सुबक, दोन ओळींच्या मध्ये नेमकं बसवलेलं, शाळेतलं अक्षर. म्हणजे सांगितलं तुम्ही आणि लिहिलं नातीनं. बरंचसं तिनं शुद्ध करून टाकलं, शेवटच्या ओळी मात्र तुमच्याच तोंडच्या राहू दिल्या. बरं केलं. तुम्ही विचारता, कोनाले सांगू. एकीला तर तुम्ही सांगून बसल्या आहात. ती हसली नाही. तिनं कागद घेतला, लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि पोस्टात टाकून आली.

माझी एक आत्या लाखांदूरकडे दिली होती. तीही बिडी ओढायची, शेणखताच्या ढिगाऱ्यामागे बसून. आम्ही पोरं सुट्टीत गेलो की वाटेवर राखण करायचो. कुणी येताना दिसलं की खोकायचं, असं ठरलेलं. त्या बदल्यात गुळाचा खडा मिळायचा. घरात सगळ्यांना माहीत होतं, सगळे हसायचे, फुफाजीसुद्धा. पुढे तिला इतका दम लागू लागला की विहिरीवरून घागर आणणं बंद झालं. एवढ्या वर्षांत तिला 'तुला सोडायची आहे का?' असं कुणी विचारलं नाही. मीही नाही. बाईची बिडी हा आमच्याकडे गमतीचा विषय होता, दवाखान्यात न्यायचा नव्हे. तुमचं पत्र वाचताना मला ती आठवली, म्हणून आज जरा लांबवर लिहिते आहे.

आधी वयाचं बोलू. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं एक अभ्यास चालला. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली त्यातला हिशोब मांडला: पन्नाशीला सिगारेट सोडणाऱ्याचं आयुष्य सरासरी ६ वर्षांनी वाढतं, आणि साठीला सोडणाऱ्याचं ३ वर्षांनी. ते सगळे पुरुष होते, तेही सिगारेटवाले, तेव्हा तुमचा आकडा अगदी तोच येईल असं मी म्हणत नाही. पण साठी उलटली म्हणजे गाडी निघून गेली, हे खरं नाही. दम लागतो त्याचंही तसंच. फुप्फुसाची जी झीज झाली ती भरून येत नाही, पण पुढची झीज मंदावते. तीन वर्षांत नातू कुठल्या वर्गात असेल, तेवढं मोजून पाहा.

'बिडी आहे, सिगारेट थोडीच आहे' असं तुम्ही लिहिलं नाही, पण कुणीतरी ऐकवेलच. तुम्ही वर्षानुवर्षं मांडीवर सूप घेऊन तेंदूपानं कापली, तंबाखू भरली, दोरा बांधला. बिडीत तंबाखू किती कमी जाते हे तुमच्या बोटांना माहीत आहे. पण त्या पानातून हवा खेळत नाही. बिडी सारखी विझते, म्हणून जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. त्यामुळे एवढीशी बिडी छातीत विषारी वायू सिगारेटपेक्षा कमी नाही, जास्तच नेते.

आता ते अकरा दिवस. पत्रात तुम्ही ते हरल्यासारखे लिहिले आहेत. बिडी सोडल्यावर पहिले तीन दिवस सगळ्यांत वाईट जातात: डोकं दुखतं, झोप लागत नाही, कुणी 'चहा घेता का' विचारलं तरी राग येतो. आठवडा सरला की जोर ओसरू लागतो, तीन-चार आठवड्यांत बराचसा जातो. म्हणजे सगळ्यांत चढाचा रस्ता तुम्ही आषाढात एकटीनं, कुणाला कळू न देता, कुठल्याही औषधाशिवाय चढून गेला होता. मोडलं ते तलफेमुळे नव्हे. बांधावर चिखलाच्या पायांनी बायांच्या ओळीत बसल्यावर एकीनं पुढे केलेला हात मागे लोटणं जमलं नाही. 'मी सोडली आहे' हे तिथे कुणाला माहीतच नव्हतं, मग ती बिचारी तरी काय करणार? तिनं तर आपुलकीनंच दिली.

माझ्या मते सांगण्यासारखं तुमचं दुसरं माणूस ती बिडी देणारीच आहे. तुम्ही तिचं नाव लिहिलं नाही, पण तिच्यासमोर तुम्हाला पदर तोंडाला लावावा लागत नाही, एवढं दिसतं. ज्यांच्यापासून लपवता त्यांना सांगायला छाती लागते; जिच्याबरोबर ओढता तिला सांगायला तेवढी लागत नाही. एखाद्या दुपारी तिच्या ओसरीवर जा आणि म्हणा, "मी सोडून रायली. मले देऊ नको, मी मागितली तरी देऊ नको." हसली तर हसू द्या. तीही सकाळी खोकतच असेल, आणि न जाणो, म्हणेल मीबी येतो तुह्यासंगं. पुढची रोवणी अजून आठ महिने लांब आहे. तोवर त्या बांधावर बिडी नको म्हणणाऱ्या दोघी झाल्या, तर तुमचं निम्मं ओझं उतरलं.

सुनेचं जरा वेगळं आहे, मावशी. तिला माहीत आहे. धुराचा वास लुगड्यात, केसांत, गोधडीत बसतो, तो सोप चावून जात नाही. नातवाला ती रात्री उचलून नेते ते बहुधा त्यासाठीच. ती तोंडानं काही बोललेली नाही, याला मी तिचा मान राखणं म्हणेन. (मी तुमच्या घरात नाही, चुकतही असेन.) तरी बिडी सोडण्याआधी तिला सांगाच, असं मी म्हणते, आणि त्याला एक साधं कारण आहे. पहिले पंधरा दिवस तुम्ही चिडाल. भाजीत मीठ कमी पडलं तरी आवाज चढेल. तिला कारण माहीत नसेल तर ते सासू-सुनेचं भांडण होईल आणि त्या भांडणाच्या निमित्तानं तुम्ही गोठ्यामागे जाल. फार बोलू नका. "मी बिडी सोडत आहे. महिनाभर माझं बोलणं मनावर घेऊ नको." बस. मुलाला ती सांगेल, तुम्हाला सांगावं लागणार नाही.

आशाताईला सध्या राहू द्या. तुमची भीती खोटी आहे असं मी कशाला म्हणू, भावकी मला माहीत आहे.

पण दवाखान्यातली लाज बाजूला ठेवावीच लागेल, कारण तुम्ही दम्याची गोळी घेता. दम्याच्या काही गोळ्यांत थिओफायलिन नावाचं औषध असतं. बिडी ओढणाऱ्याचं शरीर ते लवकर संपवतं. बिडी बंद झाली की तीच गोळी भारी पडू शकते: मळमळ, हात थरथरणं, छातीत धडधड. बाई घाबरते आणि म्हणते, सोडल्यामुळेच त्रास झाला. म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, डॉक्टरांना आधी सांगायचं. पोट्ट्यांसमोर तोंड उघडायचं नसेल तर नातीकडून चिठ्ठी लिहून घ्या: 'रोज १२ बिड्या, ४० वर्षं. सोडायची आहे.' केसपेपरमध्ये घालून टेबलावर ठेवा. डॉक्टर वाचतील. बाईमाणसाला बिडीचं विचारायचं त्यांच्याही मनात येत नाही, त्यांना ही चिठ्ठी हवीच आहे. त्याच फेरीत छातीची तपासणी होऊ द्या. खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर थुंकीही तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. थुंकीत रक्त दिसलं, आवाज बसून राहिला किंवा वजन उतरलं तर मात्र पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट पाहायची नाही.

निकोटिनचं च्युइंग गम मिळतं, २ मिलिग्रॅमचं. त्यानं तलफ सौम्य होते. ते सुपारीसारखं चघळत राहायचं नसतं. थोडं चावायचं, जिभेला झणझणलं की गालात दाबून ठेवायचं. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा नाही, नाहीतर काम करत नाही. दात हलत असतील तर कातडीवर लावायची पट्टी मिळते. बीपी आहे, तेव्हा दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. आणि हात रिकामा राहतो म्हणून खर्रा किंवा गुडाखू धरू नका, तीही तंबाखूच. आपल्याकडे हे फार होतं, आणि बिडी सोडली म्हणून कौतुकही होतं.

तोंड न दाखवता बोलायचं असेल तर एक नंबर आहे, आणि तो तुमच्या कमरेलाच असेल. बिडीच्या पुड्यावर इशाऱ्याच्या चित्राजवळ छापलेला असतो: १८००-११-२३५६. सरकारचा आहे, पैसे पडत नाहीत. पलीकडचं माणूस तुमचं गाव ओळखत नाही, भावकी ओळखत नाही. सोडायचा दिवस ठरवायला मदत करतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारतात. सुरुवातीलाच मराठीतून बोलायचं आहे म्हणून सांगा. हिंदीत बोलावं लागलं तर नात आहेच. जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयातही तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन होतं, पण तिथवर जायचं की नाही ते फोननंतर ठरवा.

दिवस कोणता धरायचा? आत्ता नको. कापणी आहे, मग मंडईची जत्रा. घरात पाहुणे, रात्रभर नाटक, जागरण आणि चहावर चहा. त्यात कुणाचीच सवय सुटत नाही. पाहुणे गेले की एक वार ठरवा. तोवर फक्त मोजा, कोणती बिडी कधीची. मला वाटतं पहाटे शेकोटीजवळची आणि पोट साफ व्हायला म्हणून घेतलेली, या दोनच खऱ्या हट्टी निघतील. दुसरीसाठी उठल्याउठल्या कोमट पाणी, रात्री पपई नाहीतर इसबगोल. सोडल्यावर काही दिवस पोट कुंथतं, ते ठाऊक असलं की घाबरायला होत नाही. खोकलाही आधी वाढल्यासारखा वाटतो. शेकोटीला एकटीनं बसू नका. तलफ आली की ती काही मिनिटांचीच असते. भांडं घासा, गोठा झाडा, नातवाला कडेवर घ्या. कमरेची माचिस चुलीजवळ राहू द्या. एखादी ओढली गेलीच तर त्या दिवशी तेवढी एकच. पुडा विकत आणायचा नाही.

देवासमोर शपथ घ्यायची का, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते, घेऊ नका. मोडली की माणूस देवापासूनही लपायला लागतं. तुमची लपायची ठिकाणं मला कमी करायची आहेत.

आणि हे लिहिणाऱ्या पोरी, तू वाचते आहेस हे मला माहीत आहे. आजीची चौकीदार होऊ नको, पुडा लपवू नको, बाबांना चुगली करू नको. रोज संध्याकाळी एकदा विचार, "आज्जी, आज किती?" सांगेल तो आकडा वहीच्या मागच्या पानावर तारखेसमोर लिही. बारा म्हणाली तर बारा, शून्य म्हणाली तर शून्य, वाढले तरी तोंड वाकडं न करता लिही. संक्रांतीनंतर ते पान मला पाठव, नाव काढून. अक्षर मी ओळखेन.

तुमची,
ताई