वाचकांचे प्रश्न : पुरुषांचं इस्ट्रोजेन आणि रिपोर्टमधले आकडे

प्रश्न : वय ३८, उंची १७० सेंमी, वजन ९४ किलो. सतत थकवा असतो, कामेच्छाही कमी झाली आहे. दुपारी जेवून चार वाजता रक्त दिलं. टेस्टोस्टेरॉन २४८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेनचाच मुख्य प्रकार) ४४ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आलं. जिमचे ट्रेनर म्हणतात, इस्ट्रोजेन ‘ब्लॉक’ करायला अ‍ॅनास्ट्रोझोलची अर्धी गोळी आठवड्यातून दोनदा घ्या. घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. या रिपोर्टवरून दुसराही कुठला निर्णय घेऊ नका. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, दुपारपर्यंत उतरतं आणि जेवणानंतर, त्यातही गोडानंतर, काही तास आणखी खाली जातं. रक्त सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचं. आदल्या रात्री पुरेशी झोप हवी. नुकताच ताप किंवा मोठं आजारपण होऊन गेलं असेल तर काही आठवडे थांबा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तीन दिवस आधी बंद करा. अनेक यंत्रांवर त्यामुळे हे दोन्ही आकडे खोटेच वाढलेले दिसतात. टेस्टोस्टेरॉन पुन्हा कमी आलं तरी आणखी एका सकाळी खात्री केल्याशिवाय ‘कमतरता’ हा शब्द वापरत नाहीत.

त्या रक्तात एसएचबीजी, एलएच आणि एफएसएच (पिट्युटरी ग्रंथीतून निघून वृषणाला काम करायला सांगणारी संप्रेरकं), प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक संप्रेरक), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) हेही करून घ्या. एसएचबीजी हे टेस्टोस्टेरॉनला रक्तात धरून ठेवणारं प्रथिन. पोट सुटलं, इन्सुलिनचा परिणाम मंदावला की ते घटतं. मग एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं, पण शरीराला वापरता येणारं मोकळं टेस्टोस्टेरॉन पुष्कळदा ठीकच असतं. हा मोकळा आकडा एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन यांच्यावरून गणित करून काढलेला असावा. स्वस्त पॅकेजमधली थेट ‘फ्री टेस्टोस्टेरॉन’ चाचणी भरवशाची नाही. टेस्टोस्टेरॉन खरंच कमी असून एलएच चढलेलं असेल तर दोष वृषणात. एलएच कमी किंवा नुसतं ‘नॉर्मल’ राहिलं असेल तर मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडे पाहावं लागतं.

आता इस्ट्राडायोल. पुरुषाच्या शरीरात ते टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होतं. हे काम अ‍ॅरोमॅटेज नावाचं एन्झाइम करतं, आणि त्यातलं सुमारे ८० टक्के वृषणाबाहेर, मुख्यतः चरबीत होतं. चरबी जास्त, तर रूपांतर जास्त. वाढलेलं इस्ट्राडायोल पिट्युटरीला ‘पुरे’ म्हणून सांगतं आणि एलएच दबतं. पण तुमचा ४४ हा आकडा बऱ्याच लॅबच्या १० ते ४० या मर्यादेच्या जेमतेम पलीकडे आहे, आणि इतक्या कमी पातळीवर लॅबची नेहमीची, प्रतिपिंडांवर चालणारी इम्युनोअसे पद्धत फार नेमकी नसते. नेमका आकडा हवाच असेल तर एलसी-एमएस या, रेणूंच्या वजनावरून मोजणाऱ्या पद्धतीची चाचणी लागते.

समजा इस्ट्रोजेन गोळीनं पाडलं, तर काय होतं? १९९४ मध्ये अमेरिकेतल्या २८ वर्षांच्या एका पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या पेशींवर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. उंची २०४ सेंमी, हाडांची टोकं अजून जुळलेली नव्हती आणि हाडं ठिसूळ. पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी पुरुषांना ठरावीक टेस्टोस्टेरॉन देऊन काहींचं इस्ट्रोजेन बनणं अ‍ॅनास्ट्रोझोलनंच थांबवलं होतं. त्यांची चरबी वाढली आणि कामेच्छा घटली. म्हणजे ज्या तक्रारीसाठी ट्रेनर गोळी सुचवतात, तीच तक्रार त्या गोळीनं वाढू शकते. पुरुष वंध्यत्वाच्या काही निवडक रुग्णांत तज्ज्ञ ही औषधं वापरतात, तीही रक्ततपासण्यांवर लक्ष ठेवून.

तुमच्या बाबतीत पहिला इलाज वजनाचा. १० टक्के, म्हणजे ९-१० किलो उतरले तर एकूण टेस्टोस्टेरॉन साधारण ६० ते ८० नॅनोग्रॅमनं वर येऊ शकतं. कंबर ९० सेंमीच्या आत आणायची. मोठ्यानं घोरत असाल, दिवसा डुलक्या लागत असतील तर झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत श्वास अडकत असेल तर थकवा त्याचाही असू शकतो.

प्रश्न : सोयाबीन, टोफू खाल्ल्यानं पुरुषांचं इस्ट्रोजेन वाढतं का?

उत्तर : रोजच्या जेवणातल्या प्रमाणात नाही. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तरी टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्राडायोल हललेलं दिसत नाही. भाजीत सोया चंक्स खुशाल घाला.

प्रश्न : वय ३१. जिममधून टेस्टोस्टेरॉन २५० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर आठवड्याला घेतोय. स्तनाग्रं दुखतात. आम्हाला मूलही हवं आहे.

उत्तर : उपचारात साधारण ७५ ते १०० मिलिग्रॅम आठवड्याला देतात; तुमचा डोस त्याच्या दुपटीहून अधिक आहे. जादा टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्राडायोल होतं, म्हणून दुखतंय. त्याहून गंभीर गोष्ट अशी की बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की एलएच, एफएसएच बंद पडतात, वृषण आक्रसतात आणि शुक्राणू शून्यावरही जाऊ शकतात. वीर्यतपासणी आणि हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण) लगेच करा. हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांच्या वर असेल तर रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो. एंडोक्रायनॉलॉजिस्टला (संप्रेरकांच्या तज्ज्ञाला) भेटून इंजेक्शन थांबवा. शुक्राणू परतायला बहुधा ६ ते १२ महिने लागतात, कधी त्याहून जास्त. मधल्या काळात थकवा आणि उदासी येते, आणि त्याच वेळी बरेच जण पुन्हा सुई घेतात.

प्रश्न : माझ्या १४ वर्षांच्या मुलाच्या छातीत स्तनाग्राखाली गाठ लागते. तो शर्ट काढायला लाजतो. ऑपरेशन करावं का?

उत्तर : आत्ता नाही, ताई. वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांना असं होतं आणि बहुतेकांचं ६ महिने ते २ वर्षांत आपोआप जातं. त्याला उताणं झोपवून अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंनी स्तनाग्राकडे सरकवत आणा. रबरासारखी गोल चकती लागली तर ती ग्रंथी. बोटं न अडखळता स्तनाग्रापर्यंत आली तर नुसती चरबी. पोटाच्या, फिटच्या किंवा मानसोपचाराच्या काही गोळ्यांनीही हे होतं, म्हणून चालू औषधं डॉक्टरांना दाखवा. गाठ एकाच बाजूला आणि दगडासारखी घट्ट असेल, रक्त येत असेल, वृषणात गाठ लागत असेल किंवा वृषण वयाच्या मानानं फार लहान असतील, तर दिवस न घालवता तपासणी करून घ्या. वृषणाची सोनोग्राफी आणि एचसीजीची (वृषणाच्या काही गाठींत वाढणाऱ्या संप्रेरकाची) रक्तचाचणी लागेल. लहान, घट्ट वृषणांसाठी क्रोमोसोमची तपासणी.