घरच्या व्हिडिओ कॅसेट संगणकात उतरवताना

जुन्या कॅसेटबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: ‘कोणते सॉफ्टवेअर वापरू?’ खरे तर तो प्रश्न सर्वांत शेवटचा. कॅसेट कोणत्या व्हीसीआरमध्ये, कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या वायरीतून वाजते यावर चित्राचा दर्जा ठरतो. संगणकात पोचेपर्यंत जे हरवले ते नंतर परत येत नाही. म्हणून उत्तरेही त्याच क्रमाने दिली आहेत.

प्रश्न: लग्नाच्या तीन व्हीएचएस कॅसेट तीस वर्षे कपाटात पडून आहेत. ओळखीच्यांकडून व्हीसीआर मिळाला आहे. थेट लावून बघू का?

नको. आधी कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून गुंडाळीच्या कडा उजेडात तिरक्या धरून बघा. काळी, गुळगुळीत, एकसारखी दिसली तर ठीक. पांढरट-करडी पूड किंवा जाळीसारखे डाग दिसले तर ती बुरशी आहे. बुरशीची कॅसेट एकदा जरी वाजवली तरी व्हीसीआरमधले फीत वाचणारे हेड बुजते आणि तिचे कण पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागतात. अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत बंद करून ठेवा आणि बुरशी काढण्याचे यंत्र असलेल्या जाणकाराकडे द्या.

कॅसेट स्वच्छ असेल तर ती एक दिवस खोलीच्या तापमानाला राहू द्या. कण्याकडच्या कडेचा रेकॉर्डिंगचा छोटा प्लॅस्टिकचा तुकडा शाबूत असेल तर तो मोडून टाका, म्हणजे चुकून बटण दाबले तरी लग्नावर दुसरे काही रेकॉर्ड होणार नाही. मग व्हीसीआरची परीक्षा घ्या, पण लग्नाच्या कॅसेटवर नव्हे. गेली तरी हळहळ वाटणार नाही अशी एखादी कॅसेट पाच मिनिटे वाजवा, पुढे पळवा, मागे घ्या, बाहेर काढा. झाकण उचलून फितीच्या कडा बघा. कड दुमडली असेल किंवा लांबच लांब सुरकुती पडली असेल तर तो व्हीसीआर दुरुस्तीला जाऊ द्या. सगळे ठीक असेल तरच खरी कॅसेट लावा, शेवटपर्यंत पुढे पळवा आणि पूर्ण मागे घ्या. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने फितीचा ताण कुठे सैल, कुठे घट्ट झालेला असतो, तो यामुळे सारखा होतो. या वेळी किंचाळल्यासारखा आवाज आला किंवा फीत अडखळत असेल तर तिथेच थांबा. फीत चिकट झालेली असते, ओढाताण केली तर तिच्यावरचा चुंबकीय लेप निघून येतो.

प्रश्न: पहिली दहा मिनिटे चित्र छान होते. मग अचानक पडदाभर पांढरे ठिपके, आवाज मात्र चालू. कॅसेट खराब झाली का?

बहुधा कॅसेट ठीक आहे, हेड बुजले आहे. जुन्या फितीवरची धूळ आणि सुटलेला लेप हेडच्या बारीक फटीत बसतो. चित्र फिरत्या ड्रमवरची हेड वाचतात आणि साधा मोनो आवाज वेगळे स्थिर हेड वाचते, म्हणून आवाज टिकतो.

बाजारातली कोरडी क्लीनिंग कॅसेट वापरू नका, ती हेड घासते. व्हीसीआरची वायर भिंतीतून काढा आणि वरचे झाकण उघडा. तिरका बसवलेला, चकचकीत धातूचा गोल ड्रम दिसेल. त्याला उघडे बोट लावू नका. तंतू न सुटणाऱ्या शॅमॉय चामड्याच्या काडीला, ती नसेल तर स्वच्छ कोऱ्या कागदाच्या बोटभर रुंद पट्टीला, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. प्रथमोपचाराच्या ७० टक्के अल्कोहोलमध्ये पाणी असते, ते चालत नाही. पट्टी ड्रमच्या बाजूला हलकी टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रमचा वरचा भाग हळूहळू तीन-चार फेरे फिरवा. पट्टीवर तपकिरी-काळी रेघ उमटली की नवी घ्या आणि पट्टी स्वच्छ येईपर्यंत हेच करा. पट्टी वर-खाली कधीही हलवायची नाही. हेडचे टोक फेराइटचे असते, आडव्या दिशेने सोसते, उभ्या दिशेने तुटते. कापसाची काडी ड्रमला लावू नका, तिचा तंतू अडकला तर हेड गेले. स्थिर ऑडिओ हेड आणि फीत ओढणारी धातूची दांडी यांना मात्र कापसाची काडी चालते. रबरी चाक नुसत्या ओलसर कापडाने पुसा. अर्धा तास वाळू द्या, मगच कॅसेट लावा.

प्रश्न: चित्र संगणकात उतरवणारे यूएसबीचे स्वस्त कॅप्चर यंत्र आणि एचडीएमआय कन्व्हर्टर, दोन्ही समोर आहेत. कन्व्हर्टरवर ‘१०८०पी’ लिहिले आहे. तोच चांगला ना?

नाही. व्हीएचएसच्या चित्रात आडव्या दिशेचा तपशील साधारण २४० रेषांइतकाच असतो. १०८०पी कन्व्हर्टर नवा तपशील कुठून आणणार? तो चित्र ताणतो, प्रत्येक फ्रेमची दोन क्षेत्रे (सम आणि विषम रेषांची अर्धी चित्रे) घाईघाईने एकत्र करतो आणि पुष्कळदा ४:३ चे चित्र १६:९ मध्ये पसरवून माणसे जाड दाखवतो. हे सगळे कायमचे फाइलमध्ये बसते. कॅप्चर मूळ मापातच करा: पाल (भारतातली टीव्ही पद्धत) असेल तर ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम; एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) असेल तर ७२० × ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम.

वायरीकडे लक्ष द्या. व्हीएचएस फितीवर उजेडाचा आणि रंगाचा संदेश वेगवेगळ्या पट्ट्यांत साठवलेला असतो. पिवळ्या आरसीए वायरीसाठी व्हीसीआर ते दोन्ही एकत्र करतो आणि कॅप्चर यंत्र ते पुन्हा वेगळे करायची धडपड करते. कडांवर सरपटणारे ठिपके आणि बारीक रेषांवर इंद्रधनुषी झाक येते ती इथूनच. एस-व्हीएचएस (व्हीएचएसचा सुधारित प्रकार) व्हीसीआरला बहुधा एस-व्हिडिओचे चार पिनांचे गोल सॉकेट असते. त्यातून घेतले तर हा गोंधळ होतच नाही, कॅसेट साधी व्हीएचएस असली तरीही. एस-व्हिडिओ आवाज नेत नाही, त्यामुळे पांढरी आणि लाल वायर वेगळी जोडा.

आता खरा कळीचा मुद्दा. पालमध्ये चित्राची प्रत्येक रेष बरोबर ६४ मायक्रोसेकंदांची हवी. फीत ताणली जाते, ड्रमचा वेग किंचित डळमळतो आणि रेषा थोड्या पुढे-मागे सुरू होतात. जुन्या टीव्हीने ते निभावून नेले, कॅप्चर यंत्र निभावत नाही. उभे खांब लाटेसारखे हलतात, चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा एका बाजूला वळतो, मध्येच फ्रेम गळतात. यावर उपाय टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी: रेषांच्या वेळा पुन्हा जुळवणारी सोय. जेव्हीसी आणि पॅनासॉनिकच्या काही एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये तो आतच असतो. तसा व्हीसीआर मिळाला नाही तर पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि कॅप्चर यंत्राच्या मध्ये नुसता जोडून ठेवायचा. डिस्क घालायची नाही. वळलेला वरचा भाग तो पुष्कळ सरळ करतो. त्याचे नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे पुसणारी सोय) तेवढे बंद करा, नाहीतर चेहरे मेणाचे दिसतात. पैसे मोजकेच असतील तर महागड्या कॅप्चर यंत्रापेक्षा चांगल्या व्हीसीआरवर घाला, असे आम्ही निःशंक सांगू.

कॅप्चरपूर्वी व्हीसीआरमध्ये ‘एडिट’ पर्याय असेल तर चालू करा, तो कडा उठावदार करणारी प्रक्रिया थांबवतो. ट्रॅकिंग, म्हणजे हेड फितीवरच्या रेकॉर्डिंगच्या रेघांवर नेमके आणणे, प्रत्येक कॅसेटला वेगळे जुळवा. एलपी, म्हणजे संथ वेगात रेकॉर्ड केलेली कॅसेट ट्रॅकिंगला जास्त हट्टी असते, ती ज्या यंत्रावर रेकॉर्ड झाली ते शिल्लक असेल तर त्यावरच उत्तम वाजते. हाय-फाय कॅसेटचा आवाज सतत तडतडत असेल तर ऑडिओचा पर्याय ‘नॉर्मल’ किंवा ‘मोनो’ करा. आवाज थोडा बोथट, पण सलग मिळेल.

प्रश्न: संगणकावर हलणाऱ्या माणसांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. शिवाय अगदी खालची पट्टी फाटल्यासारखी आहे.

दोन्ही कॅप्चरचे दोष नाहीत. पालमध्ये प्रत्येक फ्रेम दोन क्षेत्रांची असते, एक सम रेषांचे आणि एक विषम रेषांचे, आणि दोन्ही १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेली. ती एकत्र दाखवली की हललेल्या वस्तूला दात येतात. कॅप्चर करताना हे तसेच राहू द्या. ओबीएस सॉफ्टवेअर नेमके इथे फसवते, ते क्षेत्रे एकत्र करून नव्या मापात बसवते. व्हर्च्युअलडब हे कॅप्चरचे सॉफ्टवेअर ती जशीच्या तशी जपते. बघण्याची प्रत बनवताना क्षेत्रांपासून पूर्ण फ्रेम बनवणाऱ्या क्यूटीजीएमसी किंवा बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरने २५ नव्हे, ५० फ्रेम प्रति सेकंद करा. पंचवीस केल्या की अर्धी हालचाल फेकली जाते आणि नाचणारी माणसे धक्क्याधक्क्याने हलतात. फिल्टरला क्षेत्रांचा क्रम विचारतात: ॲनालॉग कॅप्चरमध्ये सहसा वरचे क्षेत्र आधी, डीव्ही (मिनीडीव्ही कॅमेऱ्याच्या) फाइलमध्ये खालचे आधी. क्रम चुकला तर चित्र पुढे-मागे थरथरते, लगेच ओळखू येते.

खालची फाटकी पट्टी म्हणजे एका हेडकडून दुसऱ्याकडे जाण्याची जागा. प्रत्येक व्हीएचएस कॅसेटवर ती असतेच, जुन्या टीव्हीच्या चौकटीआड लपायची. कापू नका, बघण्याच्या प्रतीत तेवढ्या रेषांवर काळी पट्टी टाका.

प्रश्न: सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, तासाभराने दोन सेकंदांचा फरक पडतो.

फ्रेम गळत आहेत. व्हर्च्युअलडबच्या कॅप्चर पडद्यावर गळलेल्या आणि घुसवलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो, त्यावर नजर ठेवा. कॅप्चर यंत्र हबमध्ये न लावता थेट संगणकाच्या यूएसबीला जोडा. फाइल आतल्या एसएसडीवर लिहा, पेनड्राइव्हवर नको. त्या वेळात अँटीव्हायरसची तपासणी आणि वाय-फाय बंद ठेवा. आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट ठेवा. एवढे करूनही आकडा ठरावीक दृश्यांपाशीच वाढत असेल तर संगणक निर्दोष आहे. फितीवरचा संदेश तिथे तुटतो, आणि त्याला टीबीसीच हवा.

प्रश्न: फाइल कोणत्या प्रकारात ठेवू? एमपी४ पुरेसे नाही का?

बघायला पुरेसे, जपायला नाही. पाल व्हिडिओ काहीही न दाबता ठेवला तर तासाला सुमारे ७५ जीबी लागतात. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ हे प्रकार एकही बिट न गमावता ते साधारण २५ ते ३५ जीबीवर आणतात. एफएफव्ही१चा तपशील २०२१ मध्ये आरएफसी ९०४३ या जाहीर तांत्रिक दस्तऐवजात खुला प्रसिद्ध झाला आहे, म्हणून मूळ प्रतीसाठी आम्ही तोच सुचवतो, एमकेव्ही फाइलमध्ये. नातेवाइकांना पाठवायला त्यावरून एच.२६४ ची एमपी४ बनवा. डागडुजी, रंग, आवाज स्वच्छ करणे, सगळे दुसऱ्या प्रतीवर. मूळ प्रतीला हात नाही.

प्रश्न: हँडीकॅमच्या छोट्या कॅसेट व्हीएचएसच्या अडॅप्टरमध्ये बसत नाहीत. असे का?

अडॅप्टर फक्त व्हीएचएस-सीसाठी असतो, कारण तिच्यात व्हीएचएसचीच अर्ध्या इंचाची फीत असते. व्हिडिओ८ आणि हाय८ ची फीत ८ मिलिमीटरची, रेकॉर्डिंगची पद्धतही वेगळी. त्यांचा व्हीएचएस अडॅप्टर कधी बनलाच नाही. त्यांना त्याच जातीचा कॅमेरा हवा. डिजिटल८ चे काही कॅमेरे या जुन्या कॅसेट वाजवून थेट फायरवायरमधून (कॅमेऱ्याच्या डिजिटल जोडणीतून) डिजिटल देतात, घेण्यापूर्वी मॉडेल तपासा.

मिनीडीव्हीची गोष्ट निराळी. तिच्यात आकडेच असतात, म्हणून ती पिवळ्या वायरीतून घेणे म्हणजे हातची प्रत बिघडवणे. कॅमेऱ्याचे फायरवायर, ज्याला सोनी आय-लिंक म्हणते, जुन्या संगणकाच्या फायरवायरला जोडा आणि विनडीव्ही किंवा डीव्हीग्रॅब या सॉफ्टवेअरने उतरवा. तासाला सुमारे १३ जीबी, तंतोतंत मूळ. चित्रात चौकोनी ठोकळे दिसले तर हेड साफ करून तेवढाच भाग पुन्हा उतरवा. फायरवायरमधून यूएसबीत जाणाऱ्या साध्या वायरी विकल्या जातात, त्या व्हिडिओ नेऊ शकत नाहीत.

प्रश्न: फीत तुटली आहे. सेलोटेपने जोडली तर?

सेलोटेपचा गोंद पाझरून ड्रमला लागतो आणि हेड उपटतो. व्हिडिओ स्प्लायसिंग टेपच वापरा. झाकण उचलल्यावर बाहेर दिसते ती चुंबकीय बाजू, तिला काही चिकटवायचे नाही. जोड मागच्या बाजूने, दोन टोके एकमेकांवर न चढवता. चुरगळलेला भाग कापावा लागला तरी चालेल, पालमध्ये एसपी, म्हणजे नेहमीच्या वेगात एका सेकंदाला अडीच सेंटिमीटरहूनही कमी फीत लागते. जोडलेली कॅसेट एकदाच वाजवा, कॅप्चर चालू ठेवूनच.

प्रश्न: सगळे उतरवून झाल्यावर कॅसेट टाकून द्यायच्या ना?

टाकू नका. फाइल पूर्ण बघितल्याशिवाय तर नाहीच. कॅप्चरच्या वेळी दुसऱ्या खोलीत असताना पाच मिनिटे ट्रॅकिंग सुटलेले असते आणि ते वर्षानंतर कळते. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या घरी. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा) शेजारी साठवा आणि वर्षातून एकदा ताडून बघा. कॅसेट मात्र पूर्ण मागे गुंडाळून, पुस्तकासारख्या उभ्या, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या शेवटच्या कंपनीने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले, त्यामुळे चालू स्थितीतला व्हीसीआर असेल तर तोही कॅसेटसोबत जपा, आणि महिन्यातून एकदा एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट वाजवून त्याचे पट्टे फिरते ठेवा.