विश्वाच्या आरंभाचा ध्यास आणि पदवीची निवड

बारावीनंतर भौतिकशास्त्र घ्यावं की तत्त्वज्ञान, असं तू विचारलं आहेस. विश्व आलं कुठून, या प्रश्नाने तुला झपाटलंय. पण खरं उत्तर विज्ञानाकडे, तत्त्वज्ञानाकडे की धर्मग्रंथांत, हे ठरत नाही म्हणून निवड अडली आहे. माझ्या मते ती अडायचं कारण नाही. तिघांचा प्रश्न एकच आहे असं तू धरून चालली आहेस, आणि तसं नाही.

दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, एकमेकींपासून दूर जाताहेत. आरंभीच्या उष्णतेचा अवशेष असलेलं, सगळ्या दिशांनी येणारं सूक्ष्मलहरी प्रारण (मायक्रोवेव्ह) सापडल्याचं १९६५ मध्ये जाहीर झालं. अशा पुराव्यांवरून विज्ञान सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वीच्या अतिउष्ण, अतिघन अवस्थेपर्यंत पोचतं. मुळात काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, हा जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझचा प्रश्न मात्र दुर्बिणीने सुटत नाही. धर्मशास्त्राचा रोख आणखी निराळा. विश्वाला आरंभ होता हे निव्वळ बुद्धीने सिद्ध करता येत नाही, असं ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकातच म्हटलं. त्याच्या लेखी निर्मिती म्हणजे विश्वाचं असणंच ईश्वरावर अवलंबून असणं. ऋग्वेदातलं आपलं नासदीय सूक्त तर, सृष्टी कुठून आली हे तिच्यावर वरून देखरेख करणाऱ्या अध्यक्षालाही ठाऊक असेल किंवा नसेल, असं म्हणून थांबतं.

जॉर्ज लमेत्रबद्दल जरूर वाच. हे कॅथलिक धर्मगुरू, आणि प्रसरण पावणाऱ्या विश्वाचं गणित त्यांनी १९२७ मध्ये मांडलं. १९५१ मध्ये पोप बाराव्या पायसने या नव्या विज्ञानात निर्मितीला दुजोरा पाहिला, तेव्हा लमेत्र यांना ते रुचलं नाही. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, यावर ते ठाम होते. श्रद्धा असूनही त्यांनी ही सीमा राखली, याचा मला फार आदर वाटतो.

तेव्हा निवड उत्तरावरून नको, रोजच्या कामावरून कर. विश्वविज्ञानात बराचसा दिवस समीकरणं, संगणक आणि निरीक्षणांची आकडेवारी यांत जातो. तत्त्वज्ञानात एकेका युक्तिवादाची वीण उसवून पाहावी लागते. धर्मशास्त्राला संस्कृत, हिब्रू, अरबी, लॅटिन यांपैकी एखादी भाषा आणि भाष्यपरंपरा पचवावी लागते.

गणित झेपत आणि आवडत असेल, तर आधी भौतिकशास्त्र घे, शक्य असल्यास जोडीला तत्त्वज्ञान. भौतिकशास्त्राकडून पुढे तत्त्वज्ञानात जाता येतं. गणित मागे सुटल्यावर उलटा प्रवास फार कठीण होतो. पण गणित केवळ गुणांसाठी ओढत आणलं असशील, तर तत्त्वज्ञानच घे, आणि ते दुय्यम आहे असं कुणाकडून ऐकून घेऊ नकोस.

अर्ज भरण्याआधी आइनस्टाइनच्या विशेष सापेक्षता सिद्धांताची काही उदाहरणं स्वतः सोडव आणि विश्वाला आरंभ आहे की नाही यावरची जर्मन तत्त्वज्ञ कांटची चर्चा वाच. अडल्यावरही पुन्हा कशाकडे वळावंसं वाटलं, ते मला कळव.